उजेडात मारलेला काटा

गेल्या दिवाळीनंतर बाबा साताऱ्याहून आमच्याकडे पंधरा दिवस राहायला आले होते. तीन महिन्यांपूर्वी त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, आणि डोळा बरा झाला की एक सिनेमा थेटरात जाऊन बघायचा असं आमचं ठरलेलं. मराठी सिनेमा निवडला. बराचसा रात्री घडणारा, पावसातला. पिंपरी-चिंचवडमधल्या एका मॉलमध्ये सगळ्यात वरच्या मजल्यावर मल्टिप्लेक्स आहे, तिथली संध्याकाळची तिकिटं काढली. एकाचे दोनशे ऐंशी, शिवाय ॲपची सुविधा फी.

मध्यंतराआधी बाबांनी दोनदा चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला. मध्यंतरानंतर तर ते पुढे वाकूनच बसले. सिनेमा संपल्यावर लिफ्टमध्ये गप्प. पार्किंगमध्ये आल्यावर म्हणाले, "जरा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेशील का? परत काहीतरी झालंय बहुतेक. माणसांची तोंडंच ओळखू येत नव्हती."

मलाही येत नव्हती. फरक इतकाच, की ते स्वतःच्या डोळ्याला दोष देत होते आणि मी कॅमेरामनला. आपल्या लोकांना रात्रीचं शूटिंग करता येत नाही, असं मी तिथे बसल्या बसल्या मित्राला व्हॉट्सॲपवर लिहूनही टाकलं होतं.

डॉक्टरांनी सगळं तपासलं. डोळा उत्तम आहे म्हणाले. सहाशे रुपये फी दिली आणि घरी आलो. बाबांचं समाधान झालं नाही ते नाहीच. पुढच्या रविवारी तोच सिनेमा मी पुण्यातल्या दुसऱ्या एका थेटरात एकटाच जाऊन पाहिला. त्यात एका प्रसंगात आई दारात उभी राहून मुलाला जाताना बघते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला दार दिसलं होतं आणि दारात एक आकृती. या वेळी आईचा चेहरा दिसला. ती हसायचा प्रयत्न करत होती. सगळा सिनेमा त्या चेहऱ्यावर उभा होता, आणि आम्ही दोघांनी पाचशे साठ रुपये मोजून तो पाहिलाच नव्हता.

मग एका कामाच्या दिवशी, दुपारी गर्दी नसताना, मी आमच्या मल्टिप्लेक्समध्ये गेलो आणि तिथल्या एका कर्मचाऱ्याला सरळ विचारलं. वीस-बावीस वर्षांचा मुलगा. त्याने काही लपवलं नाही. "ऑडी थ्रीचा लॅम्प डिम झालाय सर. रिक्वेस्ट टाकलीय. वरून अप्रूव्ह व्हायचंय."

"किती दिवस झाले?"

"मी जॉइन झालो तेव्हापासून ऐकतोय."

किराणा दुकानदार किलोला नऊशे ग्रॅम देतो तेव्हा त्याला आपल्याकडे काटा मारणं म्हणतात. त्यासाठी कायदा आहे, वैधमापन खातं आहे, काट्यावर शिक्का असतो. पेट्रोल पंपावर संशय आला तर पाच लिटरचं प्रमाणित माप मागवून समोर मोजून घ्यायचा हक्क तुम्हाला आहे. थेटर उजेड विकतं. पडद्यावरून परत येणारा उजेड, यापलीकडे सिनेमा म्हणून तिथे दुसरं काही नसतंच. आणि तो कमी दिला तर त्याचं माप घ्यायला कोणीही येत नाही.

माप नाही असं मात्र नाही. डिजिटल सिनेमाचं आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरलेलं आहे: पूर्ण पांढरं चित्र टाकलं तर पडद्याच्या मध्यावर १४ फूट-लँबर्ट, म्हणजे चौरस मीटरला सुमारे ४८ कँडेला इतकी तेजस्विता हवी. थेटरात तीनेक फूट-लँबर्ट इकडेतिकडे चालतं. दिग्दर्शक आणि कॅमेरामन रंग-उजेडाचं शेवटचं काम करायला बसतात तेव्हा समोरचा पडदा याच मापावर लावलेला असतो. रात्रीच्या प्रसंगात चेहरा किती काळोखात ठेवायचा, हे ते हा आकडा धरून ठरवतात. त्यातला निम्मा उजेड तुम्ही काढून घेतलात, तर दिवसाचे प्रसंग नुसते मळकट दिसतात. रात्रीचे प्रसंग मात्र पुसले जातात.

हा उजेड कमी होतो कसा, हेही सांगतो. आपल्याकडच्या अनेक प्रोजेक्टरमध्ये अजून झेनॉनचा दिवा असतो. त्याचं आयुष्य तासांत मोजतात. दिवा किती वॉटचा यावर ते कमीजास्त होतं, पण साधारण हजार-दोन हजार तास धरा. आता हिशोब करा. दिवसाला पाच खेळ, एक अडीच तासांचा, म्हणजे साडेबारा तास. वर्षाला साडेचार हजार तासांच्या वर. म्हणजे वर्षातून दोन ते चार वेळा दिवा बदलायला हवा. दिवा स्वस्त नसतो. आणि त्याचा एक गुण हिशोबनिसाला फार आवडणारा आहे: तो एकदम जात नाही. रोज थोडा थोडा मंदावतो. आज जे चित्र दिसलं ते कालच्यासारखंच वाटतं. मग ढकला अजून एक महिना. त्यात प्रोजेक्शनच्या खोलीच्या काचेवर धूळ, थ्रीडीच्या खेळासाठी भिंगापुढे लावलेला आणि साध्या खेळाला काढायचा राहिलेला फिल्टर, जुनाट पिवळा पडलेला पडदा. प्रत्येकजण आपापला वाटा उचलतो.

पूर्वी हे बघायला एक माणूस होता. रिळं बदलायला का होईना, तो खोलीत असायचा, खिडकीतून पडद्याकडे बघायचा. चित्र धूसर झालं की खालून शिट्ट्या यायच्या आणि त्या त्याच्या कानावर जायच्या. आता खेळ सर्व्हरवरून लागतात. सकाळी यादी भरली की पाचही पडद्यांवरचे दिवे, जाहिराती, सिनेमा, मध्यंतर सगळं आपोआप. प्रोजेक्शनच्या खोलीला बाहेरून कुलूप. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे यंत्राने माणसाचं काम केलं म्हणून रडणारा मी नव्हे. पण आमच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्या वर्षी शिकवतात: माणूस काढलात तर त्याच्या जागी नजर ठेवणारं काहीतरी बसवा. सर्व्हर बंद पडला की आमचा फोन रात्री तीनला वाजतो. सर्व्हर नुसता हळू झाला तरी वाजतो. या थेटरात माणूस काढला, आणि त्याच्या जागी पडद्याकडे बघणारं काहीच ठेवलं नाही. दिवसभरात त्या चित्राकडे बघणारे फक्त तिकीट काढलेले लोक असतात, आणि त्यांना विचारायची पद्धत नाही.

ॲप मात्र विचारतं. घरी पोचायच्या आत फोनवर येतं, सिनेमाला दहापैकी किती गुण द्याल? सिनेमाला! म्हणजे दिवा थेटराचा मेला आणि गुण दिग्दर्शकाचे कापले. त्या संध्याकाळी मी स्वतः त्या सिनेमाला दहापैकी पाच दिले होते. ज्यांनी तो चेहरा तसा उजळायला रात्र रात्र घालवली असेल, त्यांच्या नावावर माझे हे पाच गुण लागले. ऑडी थ्रीच्या नावावर काहीच लागलं नाही.

आता त्याच मजल्यावरच्या पॉपकॉर्नच्या काउंटरकडे या. तिथलं मशीन बंद पडलेलं तुम्ही कधी पाहिलंय? मी नाही. कार्डाचं यंत्र अडकलं तर दोन मिनिटांत दुसरं येतं. काउंटरवरचे दिवे असे लख्ख, की बाबांना तिथे मेन्यूवरची किंमत चष्म्याशिवाय वाचता आली. म्हणजे या लोकांना देखभाल येत नाही, असं अजिबात नाही. कशाची करायची, हे त्यांनी ठरवलेलं आहे.

त्यामागे साधं गणित आहे. २००९ मध्ये हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले यांचं तिकिटाच्या पैशांवरून भांडण झालं. दोन महिने मोठे हिंदी सिनेमे मल्टिप्लेक्सला लागलेच नाहीत. शेवटी तडजोड झाली ती अशी, की पहिल्या आठवड्याचा निम्मा वाटा निर्माता-वितरकाकडे आणि पुढे दर आठवड्याला तो कमी होत जाईल. तिकिटाच्या पैशांत वाटेकरी आहे. पॉपकॉर्नच्या पैशांत कोणी नाही. शिवाय तिकीट आधीच विकलं गेलेलं असतं. तुम्ही अंधारात जाऊन बसता तेव्हा तुमचे पैसे येऊन पडलेले असतात. पॉपकॉर्न मात्र अजून विकायचा असतो. म्हणून जे विकून झालंय त्याची हेळसांड, आणि जे विकायचंय त्याची आरास.

मी तक्रार केली. रीतसर ईमेल लिहिली: तारीख, खेळ, ऑडी, आसन क्रमांक. चौथ्या दिवशी उत्तर आलं. तुमचा अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे, झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, आणि सोबत हे कूपन. एक मध्यम पॉपकॉर्न मोफत, तीस दिवसांत वापरा. मी उजेड मागितला होता. त्यांनी मका पाठवला.

इथे कोणीतरी म्हणेल, नाही आवडत तर जाऊ नका. जबरदस्ती आहे का? हा मुद्दा आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही मांडलेला आहे. ३ जानेवारी २०२३ रोजी, बाहेरचे खाद्यपदार्थ थेटरात नेऊ द्यावेत का, या प्रकरणात न्यायालयाने सांगितलं की थेटर ही मालकाची खासगी जागा आहे, आत काय आणू द्यायचं ते तो ठरवू शकतो, आणि तिथलं खाणं घ्यायचं की नाही हे प्रेक्षक ठरवू शकतो. पिण्याचं स्वच्छ पाणी मात्र फुकट मिळालं पाहिजे. सुनावणीत, कोणी जिलबी आणली आणि चिकट हात खुर्चीला पुसले तर काय, असाही विषय निघाला होता. निकाल मला पटतो. समोसा घ्यायचा की नाही, हे मी ठरवू शकतो, कारण समोसा मला आधी दिसतो आणि त्याची किंमतही दिसते. दिव्याचं तसं आहे का? ऑडी थ्रीचा दिवा किती तास जळलाय, हे मला तिकीट काढताना कुठे दिसतं? न दिसणाऱ्या गोष्टीची निवड करता येत नाही. आणि जिलबीची काळजी करायला आमच्या ऑडीत उशीर झालाय. माझ्या खुर्चीचा उजवा हात चिकटच होता, तोही त्यांच्याच कोल्ड्रिंकने. फुकट पाण्याचं म्हणाल, तर कूलर आहे, स्वच्छतागृहाशेजारच्या बोळात. आम्ही गेलो त्या दिवशी त्यावर 'बंद आहे' असा कागद होता, आणि तो कागद पिवळा पडला होता.

दुसरे म्हणतील, घरी बघ. मोठा टीव्ही घे. ओटीटी आहे. हे ऐकलं की मला राग येतो, कारण थेटरवाल्यांचं रडगाणंही हेच असतं: ओटीटीने प्रेक्षक पळवला. कोणी पळवला नाही. तुम्ही त्याला काळोखात बसवलंत, आणि त्याला वाटलं आपल्यातच काही बिघडलंय. बाबांनी आता ठरवलंय की थेटरात जायचं नाही, डोळ्यांना ताण पडतो. महागाई, पार्किंग, गर्दी ही कारणं त्यांनी दिली असती तर मी वाद घातला असता. पण त्यांनी स्वतःच्या वयाचं कारण दिलं. एका कंपनीने दिव्याचा खर्च वाचवला आणि माझ्या वडिलांनी स्वतःला म्हातारं ठरवून टाकलं. या नुकसानीचं कूपन अजून कोणी काढलेलं नाही.

मराठी सिनेमाचं नुकसान तर याहून सरळ आहे. मोठा हिंदी किंवा दक्षिणेतला सिनेमा आला की त्याला सगळ्यात मोठा, चांगला पडदा मिळतो. मराठीच्या वाट्याला आमच्याकडे नेहमी ऑडी थ्रीच येते, ती लहान म्हणून. लहान ऑडीत उत्पन्न कमी, म्हणून तिथला दिवा सगळ्यात शेवटी बदलणार. २०१५ मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना मराठी सिनेमाला प्राइम टाइम द्यायला सांगितलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. आपण वेळ मागितली, पडदे मागितले. त्या पडद्यावर उजेड असावा, हे मागायचं कोणाला सुचलं नाही, कारण ते गृहीतच धरलेलं होतं. आणि मग मराठी सिनेमे 'तांत्रिकदृष्ट्या कमी पडतात' असं आपणच लिहितो. मी लिहिलं होतं. त्याच काळोखात, फोन काढून, मागच्या रांगेतल्या माणसाच्या डोळ्यांवर माझ्या स्क्रीनचा उजेड मारत.

हो, हा भागही कबूल करायला हवा. थेटर घाण करण्यात आपला हात मोठा आहे. खुर्चीच्या फटीत कोंबलेली वेष्टनं, जिन्याच्या कोपऱ्यातल्या पिचकाऱ्या, मोठ्याने घेतलेले फोन, हे काही कंपनीने केलेलं नाही. आणि आवाज चढवायचा तो दारावरच्या कर्मचाऱ्यावर, ज्याच्या हातात लॅम्पही नाही आणि अप्रूव्हलही नाही. सिनेमा संपून दुसरा सुरू होण्याआधीच्या दहा-पंधरा मिनिटांत दोन मुलं सगळी ऑडी झाडतात. त्यांच्याकडून आणखी काय होणार? पण प्रेक्षक बेशिस्त आहेत म्हणून दिवा मंद ठेवावा, असा काही न्याय नाही.

आणि हे फक्त चित्रापुरतं असतं, तर मी इतकं लांब लिहिलं नसतं. त्या दुपारी निघताना मी ऑडी थ्रीच्या बाजूच्या दाराकडे गेलो. हिरव्या अक्षरांत 'बाहेर' लिहिलेलं, संकटकाळचं दार. दारापलीकडच्या बोळात तीन मोडक्या खुर्च्या एकावर एक रचलेल्या होत्या आणि शेजारी कपांची खोकी. दार अर्धंच उघडत होतं. १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार थेटरात 'बॉर्डर'चा खेळ चालू असताना आग लागली आणि ५९ माणसं गेली. आग तळमजल्यावरच्या ट्रान्सफॉर्मरची होती, पण माणसं गुदमरली ती वरच्या बाल्कनीत. जास्तीच्या खुर्च्या बसवून तिथली वाट आणि बाहेर पडायचा एक रस्ता बंद केला होता. खुर्च्याच होत्या त्या. दिव्याकडे न बघणारी नजर आणि दाराकडे न बघणारी नजर एकच असते. त्या मुलाला मी बोळ दाखवला. तो म्हणाला, खुर्च्या भंगारात जायच्यात, त्याची पण रिक्वेस्ट टाकलीय.

मग मागायचं काय? फार नाही. आपल्याकडे थेटराला परवाना लागतो, १९५३ च्या सिनेमा नियमन कायद्याखाली. तो पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी देतात. त्याच परवान्याच्या अटींत एक ओळ घाला: प्रत्येक ऑडीच्या दाराबाहेर एक पाटी हवी. दिवा कधी बदलला, आतापर्यंत किती तास जळला, पडद्यावरची तेजस्विता शेवटची कधी मोजली आणि किती भरली. लिफ्टमध्ये तपासणीची तारीख असते, तशी. मोजायचं यंत्र हातात मावतं. ज्यांनी लेझर प्रोजेक्टर घेतलेत त्यांना दिव्याचे तास लिहायची गरज नाही, पण आकडा त्यांनीही लिहावा. लेझरचा उजेडही उतरतोच, फक्त सावकाश. आणि ॲपवाल्यांनी सिनेमाला गुण विचारताना पडद्याला, आवाजाला आणि स्वच्छतेला वेगळे गुण विचारावेत. ऑडीनिहाय, तिकीट काढायच्या आधी दिसतील असे. हा बदल करायला किती कोड लागतं ते मला माहीत आहे. फार लागत नाही.

तोवर आपल्या हातातलं आपण करू. चित्र काळं वाटलं तर पहिल्या दहा मिनिटांत बाहेर येऊन सांगा, मध्यंतराची वाट बघू नका. ड्युटी मॅनेजरचं नाव विचारा. त्याच रात्री लिहून पाठवा, ऑडीचा क्रमांक घालून. पॉपकॉर्नचं कूपन आलं तर परत पाठवा आणि दिव्याचे तास विचारा. उत्तर आलं नाही तर ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, ऑनलाइनही, आणि तिकिटाएवढ्या रकमेला फी लागत नाही. हे कोणी करत नाही असंही नाही. बंगळूरमध्ये एका प्रेक्षकाने सिनेमाआधीच्या पंचवीस मिनिटांच्या जाहिरातींविरुद्ध तक्रार केली, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत ग्राहक आयोगाने त्याच्या बाजूने आदेश दिला. पुढे कर्नाटक उच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली, पण वाया गेलेल्या वेळेला किंमत असते, हा प्रश्न तरी एकदा नोंदला गेला. उजेडाचा प्रश्न असाच कोणीतरी नोंदवायला हवा. माझी दुसरी ईमेल गेली आहे. दिव्यासोबत या वेळी बोळातल्या खुर्च्यांचा फोटोही जोडलाय.

बाबा साताऱ्याला परत गेलेत. त्यांना मी फोनवर सगळं सांगितलं: लॅम्प, तास, आकडा. ते ऐकून घेतात आणि म्हणतात, "असेल बाबा. पण माझंही आता वय झालं." पुढच्या वेळी ते आले की त्यांना त्या दुसऱ्या थेटरात नेणार आहे. आईच्या चेहऱ्याचा तो सिनेमा तोवर उतरलेला असेल. दुसरा एखादा बघू. तुम्हालाही पडद्यावरची तोंडं ओळखू आली नाहीत, तर चष्मा पुसायच्या आधी उठून दिव्याची चौकशी करा.